दर ऑनलाइन कार्यक्रमात तीच माणसं गळतात: आमच्याकडं कुठं बिघडत होतं आणि काय केल्यावर जमलं

सांगलीत आमच्या वाचनालयाचं ऑनलाइन व्याख्यान २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू झालं. तेव्हा नाइलाज होता म्हणून, पण नंतर लक्षात आलं की तासगाव, विटा, जत, आटपाडीकडची जी माणसं हॉलवर कधी आलीच नसती ती घरबसल्या ऐकायला लागलीत, म्हणून पुढं सगळं उघडलं तरी आम्ही ते बंद केलं नाही. महिन्यातनं एकदा, रविवारी संध्याकाळी, तास-सव्वा तास. लिंक पाठवणं, मीटिंग सांभाळणं, रेकॉर्डिंग टाकणं हे माझ्याकडं.

आणि जवळजवळ दोन वर्षं दर महिन्याला त्याच तक्रारी त्याच माणसांकडनं यायच्या. मिरजेचे एक काका आहेत, त्यांना अजिबात दिसत नाही, ते म्हणायचे लिंकच आली नाही. तासगावच्या एक मावशी शिवणकाम करतात, त्यांना ऐकू येत नाही, त्या दहा मिनिटं बसून निघून जायच्या. जतकडच्या एका दादांचं मध्येच तुटायचं. मी दर वेळी ज्याचा त्याचा फोन घेऊन तेवढ्यापुरतं निस्तरायचो आणि पुढच्या महिन्यात परत तेच. मला वाटायचं अ‍ॅप बरोबर नाही, म्हणून दोनदा अ‍ॅप बदललं, काडीचा फरक पडला नाही. शेवटी एका रविवारी सकाळी काकांच्या घरी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हणलं, मी तुमच्या मोबाइलला हात लावत नाही, तुम्ही नेहमी करता तसं करा. त्या अर्ध्या तासात जे कळलं ते दोन वर्षांत कळलं नव्हतं. बिघाड मीटिंगमध्ये नव्हताच, तो चार दिवस आधी पाठवलेल्या निमंत्रणात होता.

तुमच्याकडंही तीच माणसं परत परत गळत असतील तर निमंत्रणापासनं शोधत या. खाली मी तक्रार जशी कानावर आली तशी लिहिलीय आणि तिच्यामागं खरं काय निघालं ते सांगतो.

"लिंकच आली नाही"

लिंक आली होती. पण ती पोस्टरमध्ये होती. आम्ही डीटीपीवाल्याकडनं छान पोस्टर करून घ्यायचो, वक्त्याचा फोटो, वळणदार अक्षरं, खाली क्यूआर कोड, आणि ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे. काकांच्या मोबाइलवर टॉकबॅक चालू असतो, म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते मोबाइल बोलून दाखवतो. त्या पोस्टरवर बोट गेलं की मोबाइल म्हणायचा, पाठवणाऱ्याचं नाव, फोटो, वेळ. बास. त्यांच्यासाठी आम्ही दर महिन्याला एक कोरा कागद पाठवत होतो. आणि नीट विचार केला तर ज्यांना दिसतं त्यांनाही ते अवघडच होतं, कारण चित्रातली लिंक दाबता येत नाही आणि आपल्याच मोबाइलवर आलेला क्यूआर आपल्याच मोबाइलनं स्कॅन कसा करायचा?

उपाय एवढाच की पोस्टर टाका हवं तर, पण त्याच्याखाली तेच सगळं टाइप करून टाका. आधी विषय, मग वार-तारीख-वेळ, मग वक्ता, मग लिंक स्वतंत्र ओळीवर, आणि शेवटी अडचण आली तर कुणाला फोन करायचा त्याचा नंबर. पोस्टर आणि मजकूर वेगवेगळे पाठवू नका, फॉरवर्ड करताना लोक पोस्टरच उचलतात. चित्राच्या कॅप्शनमध्येच मजकूर ठेवा.

अजून एक गोष्ट मला काकांच्या शेजारी बसूनच कळली. आपण निमंत्रण सजवायला पाच गुलाब, सहा हात जोडलेले, चार दिवे टाकतो ना, ते टॉकबॅक एकेक करून वाचतो. ओळीनं टाकलेले स्टार आणि रेघोट्यांचंही तसंच. विषय कानावर यायच्या आधीच माणूस कंटाळतो. आता आम्ही एकही टाकत नाही, कुणाला फारच हौस असेल तर एक, तोही शेवटी.

हे फक्त व्याख्यानापुरतं नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. पावसाळ्यात आमच्या भागातल्या ग्रुपवर कृष्णेच्या पातळीचे मेसेज फिरत असतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ आहे, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितल्यावर तर कुणाला सांगायला नको. पण ते आकडे बऱ्याचदा फोटोत येतात, बोर्डाचा फोटो नाहीतर रंगीत तक्ता. ज्याला दिसत नाही त्यानं शेजाऱ्याची वाट बघायची? घर कधी सोडायचं ते कळायला? तिथं एक ओळ टाइप करा, "आज सकाळी ७ वाजता आयर्विन पूल इतके फूट इतके इंच, पाणी वाढतंय". पंधरा सेकंदांचं काम आहे. मी हे प्रत्येक ग्रुपवर सांगत असतो आणि सांगत राहणार.

"पीडीएफ पाठवली, पण ती वाचतच नाही"

पोस्टरचं जमल्यावर आम्ही वक्त्यांचं टिपण पीडीएफ करून पाठवायला लागलो आणि परत तीच बोंब. इथं दोन वेगवेगळे रोग आहेत. एक म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ, ती दिसायला पीडीएफ पण आतनं फोटोच. दुसरा जास्त फसवा. आपल्याकडं बरीच डीटीपी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होते, त्यात डोळ्याला सुंदर मराठी दिसतं पण आत साठलेली असतात भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वर मराठीचा नुसता मुखवटा. टॉकबॅकसारखा बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, आत जे आहे ते वाचतो.

ओळखायची सोपी युक्ती, पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःलाच पेस्ट करा. मराठी आलं तर ठीक. चित्रविचित्र अक्षरांचा पाला आला तर जुना फॉन्ट. ओळ सिलेक्टच झाली नाही तर स्कॅन.

जुना फॉन्ट असेल तर डीटीपीवाल्यालाच सांगा युनिकोडमध्ये करून दे, कन्व्हर्टर मिळतात, त्याला ते माहीत असतं, आपण मागत नाही म्हणून तो देत नाही. स्कॅन असेल तर फाइल गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा, तो चित्रातला मजकूर ओळखून देतो, मराठीही ओळखतो, पण जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांखालनं घालायलाच लागतात. आणि खरं सांगायचं तर दोन पानांच्या टिपणाला पीडीएफ कशाला पाहिजे, मेसेज म्हणून टाका.

"फॉर्म भरता येईना"

हे लवकर उरकतो. नोंदणीच्या गुगल फॉर्ममध्ये फाइल अपलोडचा प्रश्न घातला किंवा एका माणसाला एकच उत्तर असं सेटिंग केलं की तो लॉगिन मागतो, आणि ज्यांना पासवर्ड आठवत नाही ते तिथंच थांबतात. दोन्ही काढून टाका. त्याऐवजी एक प्रश्न वाढवा: "कार्यक्रमात नीट भाग घेता यावा म्हणून तुम्हाला काही सोय हवी आहे का? लिहून दाखवणं, सांकेतिक भाषा, आधी टिपण, फोनवरून ऐकणं, किंवा दुसरं काही?" अपंगत्व काय, किती टक्के, सर्टिफिकेट आहे का, असलं काही विचारू नका, आपल्याला त्याचं काय करायचंय? आणि फॉर्म किमान आठ-दहा दिवस आधी पाठवा, नाहीतर विचारून उपयोग नाही. पहिल्या महिन्यात आम्हाला चार उत्तरं आली, त्यातली दोन अशा माणसांची होती जी दोन वर्षं गप बसून ऐकत होती, एक शब्द कधी बोलली नव्हती.

"मला ऐकू येत नाही, मी काय करू बसून"

तासगावच्या मावशींचा हा मेसेज मी जपून ठेवलाय. याच्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला.

आधी एक गैरसमज काढून टाका. ऐकू न येणारी सगळी माणसं एकसारखी नसतात. मावशींची श्रवणशक्ती मोठेपणी गेली, त्या मराठी झरझर वाचतात, त्यांना लिहून दाखवलेलं पुरतं. पण जी मुलं जन्मापासून बहिरी आहेत त्यातल्या कितीतरी जणांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, आणि ती म्हणजे हातानं बोललेली मराठी नाही, तिचं व्याकरण वेगळं आहे. त्यांना मराठी मजकूर म्हणजे शिकलेली दुसरी भाषा. म्हणून कॅप्शन, म्हणजे बोललेलं स्क्रीनवर लिहून दाखवणं, लावलं की झालं असं धरू नका, विचारा.

मावशींसाठी आम्ही आधी एका पोरानं ऐकून भराभर टाइप करायचं असं केलं. तो बिचारा दहा मिनिटांत मागं पडला. मग ही पद्धत सापडली, आता वर्षभर चाललीय. एका लॅपटॉपवर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडायचं, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग, भाषा मराठी. एक ताई मोबाइलवर इअरफोन लावून व्याख्यान ऐकतात आणि जे ऐकलं ते शांत, स्वच्छ आवाजात लॅपटॉपपुढं परत बोलतात. ते टाइप होत जातं. टीव्हीवर लाइव्ह कॅप्शनसाठी ही परत बोलायची पद्धत वापरतात, आपण शोधलेली नाही. वक्त्याचाच आवाज थेट दिला तर खोलीतला आवाज, पंखा, घाई सगळं त्यात शिरतं, एकाच सरावाच्या आवाजावर चुका बऱ्याच कमी होतात. त्या डॉक्सची फक्त बघता येईल अशी लिंक मावशींना आधीच दिलेली असते, त्या आपल्या मोबाइलवर अक्षर पाहिजे तेवढं मोठं करून वाचतात.

यात जिथं आमचं अडलं ते सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. त्याच ब्राउझरमध्ये दुसऱ्या टॅबवर गेलात की व्हॉइस टायपिंग थांबतं, म्हणून मीटिंग लॅपटॉपवर नको, मोबाइलवरच. मराठीत बोलून पूर्णविराम पडत नाही, म्हणून दुसरा माणूस त्याच डॉक्समध्ये दुसऱ्या कम्प्युटरवरनं पूर्णविराम देत आणि चुका सुधारत मागनं येतो. नावं आणि आकडे हमखास चुकतात, म्हणून वक्त्याकडनं आदल्या दिवशी नावांची, गावांची, अवघड शब्दांची यादी मागून घ्या. आणि वीस मिनिटांनी बोलणारा माणूस बदला, घसा आणि डोकं दोन्ही दमतं.

जिथं एकाच खोलीत दोघंतिघं बसणार असतील तिथं एवढा खटाटोप नको, अँड्रॉइडवर लाइव्ह ट्रान्सक्राइब आहे, मराठी ऐकून लिहितो, मोबाइल बोलणाऱ्याजवळ ठेवला की झालं.

सांकेतिक भाषेचा दुभाषा दर महिन्याला आम्हाला परवडत नाही, हे खरंय. आम्ही अजून दोन मंडळांबरोबर मिळून तीन महिन्यांतनं एक कार्यक्रम तसा करतो. तासाभराच्या वर असेल तर दोन दुभाषे लागतात, आलटून पालटून, एकट्याला ते झेपत नाही. त्यांना टिपण आधी द्या, साध्या एकरंगी भिंतीपुढं बसवा, आणि झूममध्ये स्पॉटलाइट करा, नाहीतर कुणी खोकलं की खोकणारा मोठा दिसतो आणि दुभाषा कोपऱ्यात जातो. आणि त्यांचं मानधन खर्चाच्या पहिल्या यादीत लिहा, चहाच्या आधी.

"चॅटमुळं व्याख्यानच ऐकू येईना"

हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. कॉलेजातली एक मुलगी, दिसत नाही, लॅपटॉपवर एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर वापरते. ती म्हणली दादा, तुमची माणसं पहिली वीस मिनिटं चॅटमध्ये "नमस्कार, विट्याहून", "शुभ संध्याकाळ" लिहीत असतात ना, ते सगळं माझा लॅपटॉप वक्त्याच्या आवाजावर मोठ्यानं वाचतो. म्हणजे आमचं प्रेमानं केलेलं स्वागत तिच्या कानात गोंगाट होऊन पडत होतं. झूमच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन स्क्रीन रीडरला काय वाचू द्यायचं ते बंद-चालू करता येतं, ते तिला दाखवलं. पण हे तिच्यावर ढकलणं मला पटलं नाही, म्हणून आता व्याख्यान चालू असताना चॅट फक्त होस्टला जातं, आणि प्रश्नांच्या वेळी मी ते मोठ्यानं वाचतो.

प्रश्न विचारायला पण एकच रस्ता ठेवू नका. बोलून, लिहून, किंवा आदल्या दिवशी व्हॉइस मेसेज करून. कुणी अडखळत बोलतं, कुणाचा हात हळू चालतो, त्यांना "लवकर बोला, वेळ कमी आहे" म्हणू नका, प्रश्नांची पंधरा मिनिटं वाढवा आणि व्याख्यान पंधरा मिनिटं कमी करा. फोनवरनं डायल करून आलेल्यांना सांगा की स्टार ६ नं माइक चालू-बंद होतो आणि स्टार ९ नं हात वर होतो. विंडोज लॅपटॉपवाल्यांना माइकसाठी ऑल्ट-ए आणि हात वर करायला ऑल्ट-वाय. हे सुरुवातीला तोंडानं सांगायचं, स्लाइडवर लिहून नाही.

"ते काय दाखवत होते काय माहीत"

ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर आम्ही द्राक्षावरच्या रोगांचं व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते अनुभवी, पण सगळं बोलणं "हे बघा असं दिसलं की भुरी, आणि हे असं दिसलं की दावण्या". जतचे दादा नेट अडकतंय म्हणून व्हिडिओ बंद करून ऐकत होते, द्राक्षबाग त्यांचीच, आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. तेच वक्ते पुढच्या वेळी आले तेव्हा आम्ही पाच मिनिटं आधी बसून एवढंच ठरवलं की "असं" हा शब्द वापरायचा नाही. मग ते बोलले, दावण्यात पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर, तेलाचा थेंब पडल्यासारखे डाग येतात आणि पान उलटं केलं की त्याच जागी खाली पांढरी कापसासारखी बुरशी दिसते, भुरीत पानावर, मण्यावर राखेसारखी पांढरट पावडर धरते, बोटानं पुसली तर पुसते. व्हिडिओ बंद असलेल्यांना कळलं, काकांना कळलं, आणि ज्यांना फोटो दिसत होते ते म्हणले आत्ता नीट कळलं.

मिरजेच्या तंबोऱ्यावरच्या व्याख्यानात पण तसंच. नुसतं "दोरा असा सरकवायचा" म्हणण्यापेक्षा घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो किंचित मागंपुढं सरकवत गेलं की एका जागी जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा नाद, खुलते, असं सांगितलं की डोळे मिटूनही कळतं.

स्लाइडचं थोडक्यात. अक्षर मोठं, एका स्लाइडवर चार-पाच ओळी, मागचा रंग आणि अक्षराचा रंग यात भरपूर फरक. वेबसाठीच्या जागतिक नियमावलीत साध्या अक्षरांना किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट धरलाय, तपासायची टूल्स फुकट आहेत. पिवळ्यावर पांढरं तर अजिबात नको. हळदीच्या भावाचा आलेख लाल आणि हिरव्या रेघेनं काढला तर लाल-हिरवा फरक न कळणाऱ्याला दोन्ही सारख्याच, एक रेघ तुटक करा आणि नाव रेघेवरच लिहा. वक्त्याच्या मागं खिडकी नको, उजेड तोंडावर पाहिजे, ओठ बघून समजून घेणारी माणसं आहेत. प्रत्येकानं बोलायच्या आधी आपलं नाव सांगायचं.

"मध्येच तुटलं"

रेंज आपण वाढवू शकत नाही, पण डेटा वाचवू शकतो. कॅमेरा फक्त वक्त्याचा आणि दुभाषाचा. आणि कार्यक्रम संपल्या संपल्या पूर्ण ऑडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर, व्हिडिओच्या मानानं फाइल लई लहान होते, रात्री रेंज आली की उतरते. डॉक्समधलं लिखाण सुधारून तेही टाकतो. यूट्यूबवर व्हिडिओ गेला की खाली वेळा लिहितो, ०:०० पासनं, म्हणजे पाहिजे त्या मुद्द्याला थेट जाता येतं.

कुणी विचारतं एवढ्या चार माणसांसाठी कशाला. आपल्याकडं २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, आणि माहिती सगळ्यांना वापरता येईल अशा रूपात मिळावी हेही त्यात आहे. पण मी कायदा काढत नाही. मी त्यांना त्यांच्या मोबाइलवर टॉकबॅक चालू करून देतो आणि म्हणतो आपलं निमंत्रण उघडून दाखवा. तुम्हीही एकदा करा. फक्त बंद कसा करायचा ते आधी शिकून घ्या. टॉकबॅकमध्ये एकदा दाबलं की नुसतं वाचतो, उघडायला दोनदा टॅप, आणि वरखाली सरकवायला दोन बोटं.

निमंत्रण ग्रुपवर टाकायच्या आधी आता ते काकांकडं जातं. ते "ऐकलं" म्हणले की मगच पुढं. वेटिंग रूम पंधरा मिनिटं आधी उघडते, एक जण फक्त फोन उचलायला बसतो, मीटिंगमध्ये नाही.

एक गोष्ट अजून अडतेय. मागच्या महिन्यात जतहून एका आजींनी प्रश्न विचारला, अर्धा मराठीत अर्धा कन्नडमध्ये, तिकडं घराघरात असंच बोलतात. व्हॉइस टायपिंग मराठीवर होतं, पण परत बोलणाऱ्या ताईंना कन्नड येत नाही, त्या गप्प झाल्या आणि मावशींच्या स्क्रीनवर ओळ तिथंच थांबली. मावशींनी लगेच मेसेज केला, "आजी काय म्हणल्या?" जतच्या दादांनी मराठीत सांगितलं, ताईंनी ते बोललं, तेव्हा पुढं सरकलं. पुढच्या व्याख्यानाला ताईंच्या शेजारी कन्नड येणारा एक जण बसवतोय, जत तालुक्यातल्याच एका मास्तरांना विचारलंय, ते हो म्हणलेत.